पाच मिनिटांत दोन मिलिमीटर

आई गेली तेव्हा मी रडले नाही.

म्हणजे रडू आलं. छाती भरून आली, घसा दाटला, हुंदकेही आले. पण डोळ्यांतून पाणी म्हणून आलं नाही. २००८ सालचा ऑगस्ट महिना होता. बाहेर मुलुंडचा पाऊस नुसता कोसळत होता आणि आत चटईवर बसलेल्या पंधरा-वीस बायकांत माझे एकटीचे डोळे कोरडे ठणठणीत. लाल मात्र झालेले, वाळू भरल्यासारखे. तेराव्याला स्वयंपाकघरात पानं वाढायची घाई चालली होती, तेव्हा मावशी वहिनीला हळूच म्हणाली, ‘‘लेक असून हिनं टिपूस काढलं नाही गं! सारखं पैशांत राहून माणूस असं होतं की काय?’’ मी दाराशी ताकाचं पातेलं घेऊन उभी होते. ते तिथेच खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन पाऊस बघत राहिले.

मावशीचा राग आला नाही, कारण तोच प्रश्न मीही स्वतःला विचारत होते. सत्तावीस वर्षं बँकेत काढली होती. शिवाय मी कथा-कादंबऱ्या लिहिते. माझ्या नायिका दिवाळी अंकांतून पानोपानी रडल्या आहेत, आणि त्यांच्या रडण्यावर मला चार पैसे आणि थोडंफार नाव मिळालेलं आहे. अशा बाईला स्वतःच्या आईसाठी एक थेंब जमू नये? तो मनाचा कोरडेपणा नव्हता हे कळायला मला आणखी दोन वर्षं लागली. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत, बदामाएवढी एक ग्रंथी असते. अश्रू ती तयार करते. माझ्या त्या ग्रंथीनं काम जवळजवळ बंद केलं होतं.

हे सुरू केव्हा झालं? जिनं आयुष्यभर लोकांची व्हाउचरं तारीख नाही म्हणून परत पाठवली, तिला स्वतःच्या आजाराची तारीख सांगता येत नाही. २००३ च्या आसपास धरा. मी तेव्हा घाटकोपरच्या शाखेत अधिकारी होते. नोटा मोजताना बोट ओलं करायला कॅशियरपुढे स्पंजची डबी असते, तरी जुन्या माणसांचं बोट सवयीनं जिभेकडेच जातं. (सवय वाईट आहे. नोटा कुठून कुठून फिरून येतात हे पाहिलेल्या माणसानं तरी ती ठेवू नये.) एक दिवस हेड कॅशियर रजेवर होते म्हणून मी कॅश बंद करायला बसले आणि लक्षात आलं की बोट जिभेला लावून उपयोगच होत नाही. जीभ बोटापेक्षा कोरडी! हसले आणि स्पंज पुढे ओढला.

मग एकेक होत गेलं. घरात कांदा चिरायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. इतरांच्या डोळ्यांना धारा लागायच्या आणि मी खुशाल किलोभर कांदा चिरून मोकळी व्हायची. डोळे चुरचुरायचे, पण पाणी नाही. ‘आईला कांद्याचं वरदान आहे,’ असं मुलगी मैत्रिणींना सांगायची. लोकलमध्ये ज्या खिडकीसाठी बायका जीव टाकतात ती मी आपणहून सोडायला लागले. वारा डोळ्यांवर आला की पापणीच्या आतून कुणी पॉलिश पेपर फिरवतंय असं वाटायचं. रव्याचा लाडू पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना. चणे-कुरमुरे बंद झाले. भाकरीचा घास टाळूला चिकटून बसे, तो चारचौघांत बोटानं सोडवायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होई. रात्री दोन-तीनदा उठून पाणी प्यायची, आणि प्यायलेल्या पाण्यामुळे आणखी दोनदा उठायची. सकाळी हातांची बोटं आखडलेली असत.

या सगळ्याहून वाईट होता तो थकवा. संध्याकाळी घाटकोपर स्टेशनच्या बाकावर बसून मी दोन-दोन गाड्या सोडून दिल्या आहेत. गर्दी होती म्हणून नव्हे, उठून उभं राहायचं बळच नव्हतं म्हणून. थकलेल्या बाईला आपल्याकडे ‘दमलीस का?’ असं विचारतात. पण ‘रोजच कशी दमतेस?’ हा पुढचा प्रश्न त्यातच असतो.

डॉक्टर झाले नाहीत असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर बोट ठेवलं. आमची शाखा नुकतीच कोअर बँकिंगवर गेली होती, त्यामुळे हे निदान सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. त्यात तथ्यही होतं. एरवी आपण मिनिटाला पंधरा-एक वेळा पापणी मिटतो, पडद्याकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. तोंडाला कोरड म्हणून साखर तपासली, ती चोख निघाली. मग ‘पाळी जाण्याचं वय’ आलं. मग ‘टेन्शन’ आलं. टेन्शनवर एकांनी झोपताना घ्यायला एक गोळी दिली. त्या गोळीनं झोप लागली, पण तोंडाचं वाळवंट झालं. मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या लाळ आणखी आटवतात, हे मला फार उशिरा समजलं. घरगुती उपायही केले. गुलाबपाणी, त्रिफळ्याचं पाणी, झोपताना पापणीला तूप. शेजारच्या काकूंच्या आग्रहावरून एकदा डोळ्यांत मध घातला. दोन दिवस डोळा उघडला नाही. असो. काकूंचा हेतू चांगला होता.

आता मागे वळून पाहताना मला त्या डॉक्टरांपैकी कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. जुन्या बँकेत कसं असायचं, पासबुक एका काउंटरला, ड्राफ्ट दुसऱ्या, सही तिसऱ्या. प्रत्येक जण आपापल्या काउंटरचं काम चोख करायचा आणि गिऱ्हाईक मात्र दिवसभर फिरत राहायचं. माझा आजार तसाच डोळे, दात, सांधे आणि झोप अशा चार काउंटरांवर विखुरलेला होता. चारही कागद एकत्र ठेवून बघणारं कुणी भेटायला हवं होतं.

ते भेटलं दातांच्या दवाखान्यात. तीन वर्षांत माझे पाच दात भरून झाले होते, एकाचं रूट कॅनाल झालं होतं आणि दोन काढावे लागले होते. सगळी कीड हिरडीच्या कडेशी लागलेली. मुलुंडच्याच त्या डॉक्टरबाई. त्यांनी तोंडात तपासायचा छोटा आरसा घातला आणि तो गालाच्या आतल्या बाजूला चिकटला. त्यांनी तो अलगद सोडवला, पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. मग हातमोजे काढून समोर बसल्या आणि विचारलं, ‘‘मॅडम, तुमच्या डोळ्यांना काय होतं?’’ तोवर दातांच्या कुठल्याही डॉक्टरांनी मला डोळ्यांबद्दल विचारलेलं नव्हतं. लाळ ही काही नुसती घास ओला करायला नसते, त्या सांगत होत्या. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती दातांवरचं आम्ल धुऊन काढते, झिजलेल्या दाताला कॅल्शियम परत देते, बुरशीला आवर घालते. ती आटली की दात उघड्यावर पडतात. त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली, ती संधिवाताच्या तज्ज्ञांच्या नावे. दात दुखणाऱ्या बाईला संधिवाताच्या डॉक्टरकडे! नवऱ्यानं चिठ्ठी दोनदा वाचली.

हे २०१० साल. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत ज्या तपासण्या झाल्या त्यांतली एक मला जन्मभर लक्षात राहील. गाळण कागदाची पाच मिलिमीटर रुंद आणि पस्तीस मिलिमीटर लांब पट्टी असते. तिचं टोक वाकवून खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. ओटो शिर्मर नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १९०३ साली काढलेली ही युक्ती, तीच आजही चालते. पट्टी किती ओली झाली ते मोजायचं. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली तर डोळा कोरडा. माझी उजवी भरली दोन, डावी एक. मी ती पट्टी मागून घेतली. मदतनीस मुलगी चकित झाली, पण तिनं ती कागदात गुंडाळून दिली. सात वर्षांत पहिल्यांदाच माझ्या म्हणण्याला आधार म्हणून कागदाचा एक तुकडा माझ्या हातात आला होता, आणि त्यावर आकडाही होता.

रक्तात ‘रो’ आणि ‘ला’ नावाची प्रतिद्रव्यं शोधतात. ही नावं ज्या रुग्णांच्या रक्तात ती प्रथम सापडली त्यांच्या आडनावांची पहिली अक्षरं आहेत, हे मला कळलं तेव्हा बरं वाटलं. रुग्णाचंही नाव कुठेतरी राहतं तर! माझ्या रक्तात ‘रो’ निघालं. शेवटी खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला बधिर करून बारीक छेद घेतला आणि दाण्याएवढ्या चार-पाच लाळग्रंथी काढून तपासायला पाठवल्या. आठवडाभर ओठ सुजलेला होता. शाखेत सगळ्यांना सांगितलं, बाथरूममध्ये पडले. त्या ग्रंथींत पांढऱ्या पेशींचे पुंजके सापडले आणि आजाराला नाव मिळालं. शोग्रेन.

बँकेच्या दाराशी बंदूकवाला रखवालदार असतो. त्यानं चोर अडवायचा. समजा एक दिवस त्याच्या डोक्यात काही बिघडलं आणि तो आत येऊन कर्मचाऱ्यांवरच बंदूक रोखून उभा राहिला. बंदूक तीच, निष्ठाही तीच, ओळख तेवढी चुकली. शरीराच्या संरक्षणासाठी असलेल्या पेशी अशाच आपल्या माणसांवर उलटतात, त्याला ‘ऑटोइम्यून’ आजार म्हणतात. शोग्रेनमध्ये त्यांचा पहिला राग ओलावा देणाऱ्या ग्रंथींवर असतो. अश्रूंच्या, लाळेच्या, नाक-घशाच्या, त्वचेच्या, स्त्रियांच्या जननमार्गाच्या. काहींना सांधे, फुप्फुसं, मूत्रपिंडं, नसा इथेही त्रास होतो. कशामुळे होतो? थोडा आनुवंशिक कल, थोडी संप्रेरकं, एखादा विषाणू निमित्त होत असावा, इथपर्यंतच विज्ञान पोचलं आहे. दहा रुग्णांत नऊ बायका, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. म्हणजे नेमकं ते वय, ज्यात बाईच्या प्रत्येक तक्रारीला ‘वय झालं’ हे उत्तर तयार असतं.

हेन्रिक शोग्रेन कोण, हे शोधायला मी ग्रंथालयं पालथी घातली. आजाराला ज्याचं नाव आहे त्या माणसाची माहिती नको? १८९९ साली स्वीडनमध्ये जन्मलेले हे नेत्रतज्ज्ञ. १९३० च्या सुमारास त्यांच्याकडे एक बाई आल्या. डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि सांधे दुखतात. बाकीच्यांनी तीन तक्रारी तीन ठिकाणी पाठवल्या असत्या, यांनी त्या एकत्र ठेवून पाहिल्या. तशाच बायका शोधत गेले. एकोणीस जणी जमल्या, त्यांतल्या तेरा जणींना संधिवात होता. १९३३ साली त्यांनी यावर जर्मन भाषेत प्रबंध लिहिला. विद्यापीठानं त्याला इतके कमी गुण दिले की अध्यापकपदाचा त्यांचा रस्ताच बंद झाला. त्यांनी आपलं योंशोपिंग नावाच्या गावात रुग्णालयात काम धरलं आणि डोळे तपासत राहिले. दहा वर्षांनी, १९४३ साली, एका ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं त्या प्रबंधाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि मग जगाला पत्ता लागला. स्वीडन सरकारनं त्यांना प्राध्यापक ही पदवी दिली ती १९६१ साली. तोवर वय बासष्ट. बँकेत एवढ्या वयाचा माणूस निवृत्त होऊन घरी बसलेला असतो. त्यांचा जन्मदिवस २३ जुलै, तो आता जगभर शोग्रेन दिन म्हणून पाळतात. मी त्या दिवशी गोड काही करते. पातळसर करते, खीर वगैरे.

आता उपचारांचं. बरा होणारा आजार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात, ‘‘पण सांभाळता येणारा आहे,’’ असंही. ते सांभाळणं कसं असतं, ते सांगते.

सकाळी डोळ्यांवर कोमट पाण्याचा घडी केलेला रुमाल, पापण्यांतलं तेल सुटावं म्हणून. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यावर तेलाचा पातळ थर असतो, तो नसला तर पाणी उडून जातं. मग कृत्रिम अश्रूंचे थेंब, दिवसातून आठ-दहा वेळा. इतक्यांदा घालायचे तर टिकाऊपणासाठी रसायन न घातलेले, एकेका वेळच्या छोट्या नळीतले घ्यावे लागतात, नाहीतर ते रसायनच डोळ्याला लागतं. झोपताना मलम. दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब काही वर्षं झाले, सुरुवातीला ते असे झोंबतात की नको जीव होतो, पण दोन-तीन महिन्यांनी फरक पडतो. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रू वाहून नेणारं बारीक छिद्र असतं, त्यात तिळाहून लहान बूच बसवून घेतलं. जमा होत नाही तर निदान खर्च तरी थांबवावा! हा हिशेब मला लगेच पटला.

तोंडासाठी घोट-घोट पाणी, साखर नसलेलं च्युइंगगम, फ्लोराइडची जास्त मात्रा असलेली पेस्ट आणि दर चार महिन्यांनी त्या डॉक्टरबाईंची खुर्ची. चिंचेची किंवा लिंबाची गोळी चघळली की लाळ सुटते खरी, पण आंबटानं दात जातात, म्हणून ती मोहाची वाट बंद. ठेचा, लोणचं, गरम मसाला या गोष्टी जिभेला निखाऱ्यासारख्या लागतात. पिठलं-भात, मेतकूट-भात, ताक, सोलकढी यांवर माझं सुखानं चालतं. लग्नाच्या पंगतीत मी आधी पाण्याचा तांब्या कुठे आहे ते पाहते, मग जिलबी.

लाळ वाढवणारी एक गोळी आहे, पिलोकार्पिन. ती ज्या दक्षिण अमेरिकी झुडपापासून आली, त्याची पानं चघळली की माणूस लाळ गाळायला लागतो, हे तिथल्या आदिवासींना पूर्वापार ठाऊक होतं. १८७५ साली त्यातलं द्रव्य वेगळं काढलं गेलं. नंतर काचबिंदूवर त्याचे थेंब वापरले गेले. १९९८ साली अमेरिकेत शोग्रेनसाठी त्याच्या गोळीला मान्यता मिळाली. दमा असलेल्यांना आणि काही प्रकारच्या काचबिंदूत ती चालत नाही. मला चालली. पण ती लाळेबरोबर घामही सोडते. मे महिना, मुंबई आणि वर घामाची गोळी! बँकेत पोचेपर्यंत मी पावसात भिजून आल्यासारखी दिसायची. शेवटी डॉक्टरांनी मात्रा कमी केली. तोंड थोडं ओलं, पदर थोडा कोरडा, अशी तडजोड झाली.

आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळ हिवतापाच्या औषधांच्या कुळातली गोळी. दुसऱ्या महायुद्धात हिवताप होऊ नये म्हणून सैनिकांना याच कुळातल्या गोळ्या देत, आणि काहींचे त्वचेचे चट्टे आणि सांधेदुखी त्यानं कमी झाल्याचं दिसलं. त्यातून ही संधिवाताच्या दवाखान्यात आली. माझे सांधे हिनं मोकळे केले. मात्र २०१४ साली फ्रान्समध्ये शोग्रेनच्या १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनी, ही गोळी घेणारे आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणारे यांच्या कोरडेपणात, दुखण्यात, थकव्यात ठळक फरक आढळला नव्हता. मी ते छापील कात्रण डॉक्टरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, ‘‘चाचणी खरी आहे. तुमची बोटंही खरी आहेत.’’ तेव्हा गोळी चालू आहे. ती फार वर्षं घेतली तर क्वचित डोळ्याच्या पडद्याला धोका पोचतो, म्हणून दर वर्षी पडदा तपासून घेते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कानाखाली गालगुंडासारखी सूज येऊन ती उतरली नाही, गाठी आल्या, ताप रेंगाळला, वजन घटलं, तर वेळ न दवडता डॉक्टर गाठायचे. या आजारात शंभरातल्या साधारण पाच जणांना पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोग होतो. उरलेल्या पंच्याण्णव जणांत आपण आहोत असं धरून चालायचं आणि दर सहा महिन्यांनी ते तपासून घ्यायचं.

घरात सर्वांत मोठा तंटा झाला तो पंख्यावरून. मुंबईत पंख्याशिवाय झोप नाही आणि माझ्या डोळ्यांवर पंख्याचा वारा नाही चालत. झोपेत पापण्या किंचित उघड्या राहिल्या तरी सकाळी त्या बुबुळाला चिकटलेल्या असतात. नवऱ्याला पंखा पाचवर हवा, मला बंद. सहा महिने रेग्युलेटरशी रात्री आमची गुपचूप लढाई चालली. शेवटी त्यानंच लालबागहून, विमानात देतात तशी, डोळ्यांवरची पट्टी आणली आणि खाट पंख्याखालून भिंतीकडे सरकवली. पंखा तीनवर आला. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढा मोठा तह दुसरा झाला नाही.

निदान झालं म्हणजे जगानं ऐकलं असं होत नाही. २०११ साली व्हीनस विल्यम्स या टेनिसपटूनं अमेरिकन ओपनमधून अंग काढून घेतलं आणि आपल्याला शोग्रेन असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मी तो पेपर शाखेत सर्वांना दाखवत हिंडले. एवढी पहिलवान बाई दमते, तर मी का दमू नये! पुढच्याच वर्षी तिनं ऑलिम्पिकमध्ये बहिणीच्या जोडीनं सुवर्णपदक मिळवलं. ते कात्रण मी दाखवलं नाही. लगेच कुणीतरी म्हणालं असतं, बघा, ती खेळते.

आणि मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. १० तारखेला शाखेचं दार उघडलं तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती. वर्षानुवर्षं कपाटात, डब्यात, गादीखाली ठेवलेल्या नोटा बाहेर आल्या, त्यांची धूळ काय सांगू! दिवसभर तेच बोलणं, तोच फॉर्म, तेच समजावणं. दुपारपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटायची आणि शब्द अर्धवट फुटायचे. पाणी प्यावं तर जागेवरून उठावं लागेल, आणि उठावं तर रांगेतला म्हातारा हात जोडतो. आमचा शिपाई न सांगता दर अर्ध्या तासानं माझ्यापुढे पाण्याची बाटली आणून ठेवायचा आणि घड्याळ दाखवून म्हणायचा, ‘‘मॅडम, डोळे.’’ त्याला आजाराचं नाव येत नव्हतं. थेंबांची वेळ येत होती.

२०२० मध्ये तर उलटंच झालं. मार्चमध्ये करोना आला आणि माझी ती गोळी रातोरात जगप्रसिद्ध झाली. २३ मार्चला आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून ती देण्याची शिफारस झाली, दोनच दिवसांत सरकारनं निर्यात थांबवली. पाठोपाठ ज्याला त्याला ती घरात हवीशी झाली. कांदिवलीत मुख्य कार्यालय असलेली कंपनी ही गोळी बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक, म्हणजे माझ्या घरापासून गोळीचं माहेर काही कोसांवर. पण मुलुंडच्या चार दुकानांत नवरा तोंडाला रुमाल बांधून फिरला, गोळी नाही. डब्यात अठरा उरल्या होत्या. मी त्या टेबलावर मांडल्या आणि एक दिवसाआड घ्यायचं ठरवलं. दहा वर्षांत ज्यांनी माझ्या आजाराचं नाव कधी नीट विचारलं नव्हतं, अशा तिघांचे त्या आठवड्यात फोन आले. ‘‘तुमच्याकडे ती गोळी असते ना? आम्हाला चार द्याल का?’’ मी नाही म्हटलं. बँकेत कर्ज नाकारताना कधी एवढं सोपं गेलं नव्हतं. तीन आठवड्यांनी एका दुकानदारानं जुनं प्रिस्क्रिप्शन बघून आपणहून फोन केला. त्यानं आमच्यासाठी दोन पट्ट्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. करोनात त्या गोळीचा उपयोग होत नाही हे पुढे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालं आणि ती पुन्हा आमच्यासारख्यांची झाली.

मुलीचं लग्न ठरलं २०२३ मध्ये. तिनं स्वतःच ठरवलं होतं. तरी घरात प्रश्न आलाच की, मुलाकडच्यांना सांगायचं का? मावशी, आता चौऱ्याऐंशीची, ठाम होती. ‘‘स्वतःच्या तोंडानं कशाला सांगायचं? मुलीत खोट काढतील.’’ शोग्रेन आईकडून मुलीला सरळ जात नाही, पण अशा घरांत ऑटोइम्यून आजारांचा कल थोडा जास्त असतो. आणि ज्या बाईच्या रक्तात ‘रो’ असतं, तिच्या गर्भाच्या हृदयाचे ठोके क्वचित मंदावू शकतात. शंभरांत एखाद-दुसरं मूल, पण आधी ठाऊक असेल तर डॉक्टर सुरुवातीपासून लक्ष ठेवतात. मुलीनं आधीच रक्त तपासून घेतलं होतं. तिच्यात ‘रो’ नाही. नवरा म्हणाला, ‘‘सांगून टाकू. तुला सात वर्षं कुणी विचारलं नाही, आता आपण न विचारता सांगू.’’ चहाच्या वेळी मी सांगितलं. विहीणबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘माझ्या थायरॉइडचंही असंच काहीतरी आहे म्हणतात. आपलंच शरीर आपल्यावर उठतं, असं. मी कुणाला बोलले नव्हते.’’ पुढचा अर्धा तास आम्ही दोघी रिपोर्ट या विषयावरच बोलत होतो. मुलं कंटाळून बाहेर गेली.

लग्न मुलुंडलाच झालं. हॉलमध्ये एसी, होमाचा धूर, व्हिडिओवाल्याचे दिवे, म्हणजे माझ्या डोळ्यांना सगळे वैरी एकत्र. पाठवणीच्या आधी मी खोलीत जाऊन दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. घाईत जरा जास्तच पडले. तेवढ्यात हाक आली, तशीच बाहेर आले, मुलगी गळ्यात पडली आणि ते थेंब दोन्ही गालांवरून ओघळले. फोटोग्राफरनं नेमका तोच क्षण टिपला. अल्बममध्ये तो फोटो पानभर आहे. मावशी खुर्चीवर बसून बघत होती. जवळ गेले तर तिनं माझा गाल आपल्या पदरानं पुसला आणि म्हणाली, ‘‘रड हो, रड. आईच्या वेळचंही राहिलंय तुझं.’’

मी तिला काही सांगितलं नाही. पर्समध्ये नळी होती, ती आणखी आत सरकवली आणि तिच्याशेजारी बसून राहिले.